उपग्रहाची नजर आणि गुराख्याची ओळख

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय, जनपदोद्ध्वंसनीय, आपल्यापैकी प्रत्येकाने विद्यार्थिदशेत अभ्यासिलेला आहे. उन्हाळ्याचा अखेरचा महिना, पांचालांची काम्पिल्य ही राजधानी आणि गंगेचा काठ. शिष्यांसह वनातून फिरता फिरता भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, नक्षत्रे, वायू, अग्नी, दिशा यांच्यांत विकृतीची चिन्हे दिसू लागली आहेत. भूमी नीरस होण्यापूर्वी औषधे संग्रहित करा. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव आपण परीक्षेसाठी पाठ केले. परंतु हा उपदेश वन पाहता पाहता, चालता चालता केलेला आहे, या गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. रोग दिसण्यापूर्वी भूमीकडे पाहावे, ही वैद्याची सवय त्यात गृहीत धरलेली आहे.

आज आपल्यापैकी किती जण असे वनात फिरतात? आपली औषधी वनस्पतींशी भेट बहुधा पोत्यात होते. साल, मूळ, फळ व्यापाऱ्याकडून येते. ते कोणत्या डोंगरावरून आले, तेथे आणखी किती शिल्लक आहे, हे पोत्यावर लिहिलेले नसते. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासाठी २००८ साली झालेल्या अभ्यासात देशातील व्यापारात ९६० वनस्पती आढळल्या होत्या व त्यांपैकी १७८ वनस्पतींचा वार्षिक खप प्रत्येकी १०० टनांहून अधिक होता. २०१७ च्या अभ्यासात हे आकडे अनुक्रमे ११७८ व २४२ झाले. खपाचा हिशेब अशा रीतीने मांडला जातो. त्या मानाने वनात काय उरले याचा हिशेब फारच अपुरा आहे. तो मांडण्याचा एक मार्ग गेल्या दोन दशकांत हळूहळू तयार झाला आहे. एकीकडे उपग्रहांची छायाचित्रे आणि दुसरीकडे सामान्य माणसांनी हौसेने, नियमाने केलेल्या नोंदी, या दोहोंची सांगड घालण्याचा हा मार्ग आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचा परिचय करून देत आहोत आणि त्यात आपला, म्हणजे वैद्यांचा व औषधी निर्मात्यांचा, वाटा कोणता हेही सुचवीत आहोत.

उपग्रहाला काय दिसते?

पृथ्वीच्या भूभागाची पाहणी करण्यासाठी अमेरिकेने १९७२ साली लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह १९८८ साली अवकाशात गेला. लँडसॅटचा चित्रसंग्रह २००८ पासून सर्वांना विनामूल्य खुला झाला आणि २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रेही तशीच खुली आहेत. लँडसॅटच्या नेहमीच्या चित्रातील एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान चौकोन, जमिनीवरील ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद भाग दाखवितो. सेंटिनेल-२ चा उत्तम पिक्सेल १० मीटरचा असतो. जोडीने फिरणारे हे उपग्रह साधारण पाच दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येतात.

उपग्रह वनस्पती ओळखतो कसा? पानांतील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते आणि पानांची अंतर्गत पेशीरचना डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोन प्रकाशांच्या मोजमापांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की वनस्पती-निर्देशांक मिळतो. पालवी दाट असेल तेथे हा आकडा एकाकडे झुकतो. उघडा खडक वा कोरडी माती असेल तेथे तो शून्याजवळ राहतो. एकाच जागेचे असे आकडे वर्षभर मांडले की पालवी केव्हा फुटली, केव्हा भरली आणि पानगळ केव्हा झाली, याचा आलेख तयार होतो. नाडीवरून गती कळावी तसा वनाचा ऋतुक्रम यावरून कळतो.

मात्र नाडी पाहून रोग्याचे नाव कळत नाही. हाच उपग्रहाच्या ज्ञानाचा मुख्य उणेपणा आहे.

हिरवे आहे, पण कोणाचे?

भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेचा पहिला अहवाल १९८७ साली प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर साधारणतः दर दोन वर्षांनी तिचे अहवाल येत आहेत. २०२३ च्या अहवालानुसार देशाच्या भूभागापैकी २१.७६ टक्के भाग वनाच्छादित आहे. या अहवालांतील वनाच्छादनाची व्याख्या वैद्याने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. एक हेक्टर वा त्याहून मोठ्या ज्या भूखंडावर वृक्षछत्राची दाटी किमान १० टक्के आहे, तो भूखंड वनाच्छादनात धरला जातो. त्याची मालकी कोणाची, कायदेशीर दर्जा कोणता, झाडे कोणत्या जातीची, हे पाहिले जात नाही. अर्थात आमराई, बांबूचे बेट व ताडांची वाडी हीही त्यात येतात. व्याख्या लपवून ठेवलेली नाही आणि ती ज्या कामासाठी केली त्या कामाला योग्यच आहे. परंतु सिंधुदुर्गातील एखाद्या उतारावरील मिश्र जंगल जाऊन तेथे काजू वा रबराची लागवड झाली, तर या हिशेबात वनाच्छादन तसेच राहू शकते, आणि आपल्या दृष्टीने तेथील औषधी भांडार मात्र रिकामे झालेले असते.

आपल्या ग्रंथकारांना हा भेद चांगला ठाऊक होता. चरकाचार्य सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगतात की, शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि इतर वनवासी औषधींना नावाने व रूपाने ओळखतात. सुश्रुताचार्यही औषधींच्या ओळखीसाठी गोपाल, तापस, व्याध आणि वनचर यांच्याकडे बोट दाखवितात. उपग्रहाला रूपाचा एक अंश दिसतो, नाव मुळीच कळत नाही. नाव देणारा माणूस जमिनीवर उभा असावा लागतो. आज स्वेच्छेने नोंदी करणारे विद्यार्थी, शिक्षक, गिर्यारोहक, निवृत्त गृहस्थ व वनहक्कधारक गावकरी हे त्या जुन्या गुराख्याचेच वारसदार आहेत, असे आम्ही मानतो.

एक झाड, दर आठवड्याला

अशा नोंदींचे एक चांगले उदाहरण म्हणजे २०१० साली सुरू झालेला सीझनवॉच हा उपक्रम. यात सहभागी होणारा आपल्या परिसरातील एक झाड निवडतो आणि दर आठवड्याला त्याची पाने, कळ्या, फुले व फळे यांची स्थिती नोंदवितो. मोजदाद सोपी ठेवली आहे. काहीच नाही, थोडे, पुष्कळ, एवढ्याच पायऱ्या. केरळातील शाळकरी मुलांनी या कामात मोठा सहभाग घेतला आहे. आंबा, फणस, चिंच, बहावा ही ओळखीची झाडे त्यात असल्याने वनस्पतिशास्त्राची पदवी आवश्यक ठरत नाही. २००८ साली सुरू झालेल्या इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर वनस्पती-प्राण्यांची छायाचित्रे स्थळ-काळासह नोंदविली जातात व जाणकार त्यांची ओळख तपासतात.

नोंद लहान वाटली तरी तिचे मोल मोठे आहे. उपग्रहाच्या आलेखात एखाद्या डोंगरउतारावर मार्चमध्ये निर्देशांक खाली गेलेला दिसला, तर तो पळसाची पानगळ होऊन फुले आल्यामुळे, तोडीमुळे की वणव्यामुळे, हे त्या उतारावर जाणारा माणूस एका वाक्यात सांगू शकतो. उलट त्या माणसाला एकच उतार दिसतो. त्याच आठवड्यात शेजारच्या तीन तालुक्यांत काय घडले हे उपग्रह सांगतो. एकाच्या उणिवेवर दुसऱ्याचे बळ असे उपयोगी पडते.

सांगड घालण्याची रीत

ही सांगड आपोआप होत नाही. तिचे काही नियम आहेत व ते मोडल्यास सुबक दिसणारा नकाशा फसवा निघतो.

पहिला नियम स्थळाचा. साध्या मोबाईल फोनवरील स्थाननिश्चितीत उघड्यावरही काही मीटरांची चूक असते आणि दाट झाडीत वा खोल दरीत ती वाढते. पिक्सेल १० मीटरचा आणि चूकही तेवढीच, अशा स्थितीत एकट्या झाडाची नोंद शेजारच्या चौकोनात जाऊन पडते. म्हणून एकाच प्रकारची झाडी जेथे विस्ताराने आहे, अशा पट्ट्याच्या मध्यभागी उभे राहून नोंद करावी व चारही दिशांची छायाचित्रे घ्यावीत.

दुसरा नियम परीक्षेचा. स्वयंसेवकांच्या नोंदींपैकी काही संगणकाला शिकविण्यासाठी वापराव्यात आणि काही मुद्दाम बाजूला ठेवून त्यांवर नकाशाची परीक्षा घ्यावी. ज्या नोंदींवर शिकविले त्यांवरच परीक्षा घेणे म्हणजे विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका आधी वाचायला देण्यासारखे आहे. एकमेकींना लागून असलेल्या नोंदी दोन्हींकडे वाटल्या, तरी तोच दोष येतो. म्हणून परीक्षेसाठी दूरचा, वेगळा भूभाग राखावा.

तिसरा नियम नकाराचा. स्वयंसेवक बहुधा रविवारी, रस्त्याच्या कडेने आणि फुलांच्या हंगामात फिरतात. त्यामुळे नकाशावर वनस्पती रस्त्यालगतच वाढतात असा भास होतो. यावर उपाय एकच. कोठून कोठे चाललो, किती वेळ शोधले आणि काय सापडले नाही, हेही लिहावे. ‘शोधले, आढळले नाही’ ही नोंद दिसायला निरुपयोगी, परंतु ऱ्हास ओळखण्याच्या कामी तिच्याइतकी मोलाची दुसरी नोंद नाही.

सह्याद्रीतील तीन प्रसंग

पहिला प्रसंग नरक्याचा. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मन्सुख वाणी यांनी १९६६ साली एका चिनी वृक्षापासून कॅम्पटोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. पुढे १९७२ साली ते आपल्या सह्याद्रीतील नरक्या या वृक्षातही असल्याचे दाखविले गेले. या द्रव्यापासून तयार झालेली कर्करोगावरील औषधे १९९६ साली अमेरिकेत मान्यता पावली आणि नरक्याच्या लाकडावर तोडीची धाड पडली. नरक्या हा लहान वृक्ष आहे. तो उंच झाडांच्या छायेत वाढतो. तो मुळासकट नेला तरी वरचे छत्र जसेच्या तसे राहते आणि वरून पाहणाऱ्याला जंगल सुखरूप दिसते. येथे कितीही सूक्ष्म चित्र घेतले तरी उपयोग होत नाही. खाली शिरून खुंट मोजणारा माणूसच हवा. उपग्रहाचे काम एवढेच की, या वृक्षाला मानवेल अशी दाट, ओलसर झाडी कोठे कोठे आहे हे दाखवून शोधाचा पसारा आवाक्यात आणून द्यावा.

दुसरा प्रसंग पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर ढगांचे आच्छादन असते आणि प्रकाशावर चालणारे उपग्रह जवळजवळ आंधळे होतात. नेमक्या याच महिन्यांत सफेद मुसळी, जिच्या शास्त्रीय नावातच बोरिवली आहे, पाने काढते, फुलते आणि पावसाळा सरताच जमिनीवरून नाहीशी होते. कोकणातील जांभ्याच्या सड्यांचीही हीच कथा आहे. चार महिने फुलांनी भरलेला सडा उन्हाळ्याच्या चित्रात उघडा खडक दिसतो व कागदोपत्री पडीक जमीन ठरतो. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आले. तसे भाग्य प्रत्येक सड्याला लाभत नाही. ढगांतून पाहू शकणारे रडारचे उपग्रह आहेत. ३० जुलै २०२५ रोजी भारत व अमेरिका यांनी मिळून सोडलेला निसार हा त्यांतलाच. परंतु रडारला झाडीची घडण व ओलावा समजतो. मुसळीचे फूल समजत नाही. पावसाळ्यातील नोंद छत्री घेऊन निघालेल्या माणसानेच करावयाची आहे.

तिसरा प्रसंग वणव्याचा. भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांच्या आधारे आगीच्या सूचना देत आहे. नाव नोंदविणाऱ्या नागरिकालाही त्या मिळू शकतात. येथे उपग्रह माणसाच्या फार पुढे आहे, कारण रात्री दूरच्या कड्यावर लागलेली आग त्यालाच प्रथम दिसते. तरीही त्याच्या चित्रातील तापलेला ठिपका म्हणजे वणवाच, असे नाही. कोकणात भातलावणीपूर्वी शेतकरी राब भाजतात, तोही ठिपका होऊन उमटू शकतो. राब की वणवा, हे गावातील माणूस क्षणात सांगतो. आग कोठे थांबली, गवत जळले की रोपेही करपली, आणि पुढच्या पावसात त्या जागी काय उगवले, हेही त्यालाच सांगता येते.

नकाशा कोणाच्या हाती?

येथे एक धोका स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. दुर्मिळ औषधीचे अचूक ठिकाण दाखविणारा नकाशा रक्षकाला जितका उपयोगी, तितकाच तोड करणाऱ्यालाही. आयनॅचरलिस्ट या जगभर वापरल्या जाणाऱ्या नोंदव्यवस्थेत संकटग्रस्त जातींची ठिकाणे आपोआप धूसर केली जातात व सुमारे २० किलोमीटरच्या चौकटीतील कोणतेही एक स्थान दाखविले जाते. आपण नोंदी करू तेव्हाही हाच संकेत पाळावा. अचूक ठिकाण स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समिती, वनविभाग आणि अभ्यासक यांच्यापुरते ठेवावे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची व्यवस्था आहे आणि त्या विचारामागे माधव गाडगीळ यांचे मोठे परिश्रम आहेत. ज्या गुराख्याने, ज्या आजीबाईने वनस्पती दाखविली, तिचे ज्ञान तिच्या गावाच्या वहीत प्रथम जावे, नंतर आपल्या नकाशात.

या धोक्याला आणखी एक बाजू आहे व ती आपल्याला अवघड वाटणारी आहे. तोड करणारा तोड करतो ती कोणीतरी विकत घेणार असते म्हणून. त्या साखळीच्या शेवटी बहुधा एखादी फार्मसी आणि एखादा वैद्य उभा असतो. आपण केवळ प्रेक्षक आहोत, अशी भूमिका आपल्याला घेता येणार नाही.

तिसरी वही

आणि म्हणूनच आपल्याजवळ अशी एक वही आहे, जी उपग्रहाजवळ नाही व स्वयंसेवकाजवळही नाही. ती म्हणजे आपली कच्च्या मालाची खरेदीवही.

अशोकाची साल घ्या. वनात अशोक विरळ होऊ लागला की त्याची पहिली चाहूल कोठे लागते? माल उशिरा येतो, साल कोवळी व पातळ येते, भाव चढतो, नेहमीचा पुरवठादार दुसऱ्या प्रांताचे नाव सांगू लागतो आणि शेवटी पोत्यात आसुपालवाची साल मिसळलेली निघते. आपण भेसळ पकडतो, माल परत करतो, व्यापाऱ्याला दोन शब्द सुनावतो आणि विषय संपवितो. वास्तविक ती भेसळ हे एका दूरच्या डोंगरावरील रोगाचे लक्षण असते. लक्षण पाहून निदान न करणे हे वैद्याला शोभणारे नाही.

आम्ही असे सुचवितो की, प्रत्येक फार्मसीने आपल्या खरेदीवहीत आणखी काही रकाने वाढवावेत. ते म्हणजे वनस्पतीचा प्रयोज्य भाग, संग्रहाचा महिना, ज्या तालुक्यातून वा वनक्षेत्रातून माल आला त्याचे नाव, लागवडीचा की जंगलातील, सालीची जाडी वा मुळाची लांबी, आणि ओळख पटविताना आढळलेली भेसळ. चरकाचार्यांनी कल्पस्थानात मूळ, साल, पाने, फुले यांच्या संग्रहाचे ऋतू सांगितले आहेत. संग्रहाचा महिना लिहू लागलो की शरदात घ्यावयाची साल आपल्याकडे वैशाखात काढलेली येते काय, हेही उघड होईल. अशा १५-२० फार्मस्यांच्या वह्या पाच वर्षे एकत्र ठेवल्या आणि त्या त्या वनक्षेत्राच्या उपग्रह-आलेखाशी व स्वयंसेवकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तर मालाचा दर्जा घसरला तेव्हा तेथे वनात काय चालले होते, याचे उत्तर अंदाजाने द्यावे लागणार नाही.

व्यापारातील गुप्ततेची अडचण आम्हांस ठाऊक आहे. पुरवठादाराचे नाव व खरेदीचा दर न देताही वरील रकाने भरता येतात. संघटनेने ते एकत्र करावेत आणि केवळ तालुकावार बेरीज प्रसिद्ध करावी.

त्रिविध परीक्षा

रोगविशेष जाणण्यासाठी चरकाचार्यांनी आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान अशी तीन साधने सांगितली आहेत. प्रथम आप्तोपदेशाने जाणावे आणि मग प्रत्यक्ष व अनुमान यांनी परीक्षा करावी, असा त्यांचा क्रम आहे. उपग्रहाचा निर्देशांक हे अनुमान आहे. परावर्तित प्रकाशावरून पालवीचा केलेला तर्क. स्वयंसेवकाची नोंद आणि आपल्या हातातील सालीचा तुकडा हे प्रत्यक्ष. त्या डोंगरात जन्म घालविलेल्या वनवासी माणसाचे सांगणे हा आप्तोपदेश. आज यंत्राच्या झगमगाटामुळे अनुमानाला पहिले आसन मिळाले आहे. ते त्याच्या जागी बसविले की उरलेल्या दोघांचेही मोल कळते.

शेवटी एक विनंती. येत्या पाडव्यापासून प्रत्येक वैद्याने आपल्या दवाखान्याच्या वा घराच्या जवळचे एक औषधी झाड निवडावे. बेल, बहावा, अर्जुन, बेहडा, कडुनिंब, जे सहज दिसेल ते. दर आठवड्याला एका ठराविक दिवशी त्याची पाने, फुले, फळे पाहून दोन ओळी लिहाव्यात व सोबत एक छायाचित्र ठेवावे. फार्मसीमालकांनी त्याच दिवसापासून वाढीव रकान्यांची वही सुरू करावी. वर्षअखेर या नोंदी संघटनेकडे आल्या, तर पुढील अंकांपैकी एका अंकात त्यांचा पहिला ताळेबंद वाचकांपुढे ठेवता येईल. आत्रेयांनी अग्निवेशाला वनात नेऊन जे दाखविले, ते पाहण्यासाठी निदान दारातल्या झाडापर्यंत तरी आपण चालत जावे.